इंजिन गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

ताई,

माझी गाडी 13 वर्षांची आहे. सहा सिलिंडरची डिझेल, फोर बाय फोर, एअर सस्पेन्शनवाली. नवी होती तेव्हा लोक थांबून बघायचे. चार वर्षांपूर्वी मी तिसरा मालक म्हणून घेतली, तेव्हा ती एखाद्या साध्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळाली. आता 1,85,000 किलोमीटर झालेत. गेल्या वर्षभरात सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, चारी टायर, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळं करून घेतलं.

महिन्याभरापूर्वी एका लांबलचक चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. सेन्सर बिघडला असेल असं वाटलं आणि घर सात-आठ किलोमीटरवरच होतं, म्हणून तसाच आलो. शेवटी शेवटी खालून टकटक ऐकू यायला लागली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला आवाज पाठवावा म्हणून गाडी सुरू केली. मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो, तेवढ्यात ठक्कन बंद पडली. आता सेल्फ मारला की नुसता एक ‘टक’ येतो.

गॅरेजवाला म्हणतो, ‘इंजिन गेलं, नवीन टाका.’ गाडी चालत असती आणि विकली असती तर जेवढे आले असते त्याच्या दीडपट एस्टिमेट आहे. दुसरा एकजण भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन आठ दिवसांत बसवून देतो म्हणतो. बायको म्हणते, विकून टाक. तिला मी एस्टिमेटचा अर्धाच आकडा सांगितलाय. एवढा पैसा घातल्यावर आता सोडवत नाही. काय करू?

— लाल दिव्याकडे काणाडोळा केलेला

---

आधी एक काम करा. किल्लीला हात लावू नका, आणि गॅरेजमध्येही कुणाला ‘एकदा बघू तरी’ म्हणून सेल्फ मारू देऊ नका. ते सात-आठ किलोमीटर मी तुम्हाला माफ करते. लाल दिवा बघून ‘सेन्सर असेल’ म्हणणारे तुम्ही पहिले नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या त्या रेकॉर्डिंगबद्दल थोडं बोलायलाच हवं. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ती बेअरिंगवर (तिला धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांवर) टेकलेली नसते, ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असते, आणि तो पापुद्रा केसाहून कितीतरी पातळ असतो. ऑइलचा दाब गेला की तो फाटतो आणि लोखंड बेअरिंगला घासायला लागतं. तुमचा दिवा पेटला तेव्हा दाब ‘कमी’ झालेला नव्हता, जवळजवळ संपला होता. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच लागतो. पिवळा दिवा सवड देतो, लाल देत नाही. घरी पोचलात तेव्हा कदाचित नुसती बेअरिंगं गेली असतील. सकाळच्या त्या अर्ध्या मिनिटात क्रँकही गेली असण्याची शक्यता आहे. असो, झालं ते झालं.

आता गॅरेजवाल्याच्या वाक्याकडे येऊ. ‘इंजिन गेलं’ हा शोकसंदेश झाला, निदान नाही झालं. काय गेलं? बेअरिंग, क्रँक, कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा), टायमिंग चेन, हेड? आणि त्याहून महत्त्वाचं, का गेलं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात नसताना गाडीत नवं इंजिन टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पुन्हा पाणी भरणं. त्याने इंजिन खोललं का, असं तुम्ही पत्रात कुठे लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नाही खोललं. आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि आकडा टाइप केला.

तेव्हा खोलून बघण्याचे पैसे वेगळे द्या. लोक इथेच हात आखडतात, आणि नंतर त्याच्या वीसपट घालवतात. गॅरेजशी आधी ठरवून घ्या: निदानाची मजुरी इतकी, पुढचं काम तुमच्याकडे केलं नाही तरी ती मी देईन, पण मला जे दिसेल त्याचे फोटो हवेत आणि सुटे भाग खुणा केलेल्या पिशव्यांत हवेत. अर्धवट खोललेलं इंजिन आणि खोकाभर बेवारशी बोल्ट अशी गाडी दुसरा कुणी हातात घेत नाही.

पहिल्यांदा बघायचं ते इंजिन हाताने फिरतं का. क्रँकच्या पुढच्या पुलीच्या मधल्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावतात आणि फिरवून बघतात. त्याआधी वरचा पट्टा काढायला सांगा. आल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला तरी इंजिन अडकल्यासारखं वाटतं, आणि पट्टा काढला की मोकळं फिरतं. नुसता एक ‘टक’ तर बॅटरी उतरल्यावर किंवा स्टार्टर बिघडल्यावरही येतो. ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली पातळ प्लेट तडकली की ती हुबेहूब सैल झालेल्या कनेक्टिंग रॉडसारखी ठोकते. तिच्यापायी चांगली इंजिनं उतरवली गेली आहेत. तुमच्या बाबतीत लाल दिवा आणि टकटक एकापाठोपाठ आली, म्हणून मला फारशी आशा नाही. पण तपासायला अर्धा दिवस लागतो, आणि उतरवलेलं इंजिन परत चढवायला आठवडा.

मग ऑइल. ते काढताना मी असते तर शेजारी उभी राहिले असते. काढायच्या आधी लेव्हल किती आहे ते बघा. तुमच्या वयाच्या बऱ्याच महागड्या गाड्यांत ऑइल बघायची कांडीच नसते, स्क्रीनवर आकडा येतो आणि कुणी तो कधी उघडून बघत नाही. म्हणून निघालेलं ऑइल मापून घ्या. पुस्तकात दिलेल्यापेक्षा बरंच कमी निघालं तर इंजिन ऑइल खात होतं किंवा गळत होतं, आणि मग त्या चढाचा खुलासा होतो. गाडी लांब चढावर असली की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पात्रातलं, ऑइल मागे सरकतं. लेव्हल आधीच कमी असेल तर ऑइल ओढणारी नळी हवा ओढते. जास्त निघालं तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय: कूलंट असेल तर दुधी रंग येईल, डिझेल असेल तर वास येईल आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटेल.

हे डिझेल ऑइलमध्ये कुठून आलं? तुमच्या गाडीला धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असणार. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून ती काजळी जाळतं. हे जळणं पुरं व्हायला सलग काही वेळ वेगाने चालवावं लागतं. तुम्ही रोज दहा मिनिटं चालवून गाडी बंद करत असाल तर ते दर वेळी अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पापुद्रा टिकत नाही. त्यात काही मोठ्या डिझेल गाड्यांना कंपनीनेच 20,000 ते 25,000 किलोमीटरची ऑइल बदलायची मुदत दिलेली असते. नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला ती परवडते. तिसऱ्या मालकाने 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते धरावं. हे माझं मत आहे, आणि ते मी पैसे मोजून कमावलंय.

ऑइल फिल्टर बदलून टाकू देऊ नका, कापून बघा. आतला घड्यांचा कागद पात्याने सोडवायचा, हळूच पिळायचा आणि उन्हात पसरून बघायचा. सोनेरी-रुपेरी चमकी दिसली तर बेअरिंगं घासली आहेत. मग त्यावरून लोहचुंबक फिरवा. बेअरिंगचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, कारण तो ॲल्युमिनियम, तांबं, कथील असल्या धातूंचा असतो. चिकटला तर तो पोलादाचा किंवा बिडाचा, म्हणजे क्रँक, चेन, पंप, रिंगा यांच्यापैकी काहीतरी. काळ्या प्लॅस्टिकच्या कपच्या सापडल्या तर चेनच्या गाईडकडे बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी बघितलेल्या कितीतरी एस्टिमेटांपेक्षा तो कागद जास्त खरं बोलतो.

त्यानंतर चेंबर उतरवून खालून दोन-तीन बेअरिंगं खोलायची. काही गाड्यांत त्यासाठी पुढचा डिफरन्शियल सोडवावा लागतो, तेव्हा मजुरीवरून हुज्जत घालू नका. बेअरिंगचा अर्धा गोल हातात घ्या. चांगला असेल तर राखाडी, मऊ झाक असते. वरचा थर उडाला असेल तर खालचं तांबं दिसतं. आणि बेअरिंग आपल्या जागेवरून फिरलं असेल तर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या तिच्या गुळगुळीत गोल भागावर) नखाला लागतील असे ओरखडे असतात, शिवाय ब्लॉकमधली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातली, बेअरिंगची बैठकही खराब झालेली असते. या शेवटच्या गोष्टीवर तुमचा सगळा खर्च ठरणार आहे. ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळीही त्याच वेळी बघून घ्या. ती काळ्या चिखलाने बुजली असेल तर ‘का’चं उत्तर मिळालं.

पाण्यातून गेला होतात का, तेही आठवा. असल्या गाड्या पाण्यात घालायचा मोह होतोच. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधी कधी महिनोन् महिने चालतो आणि मग मोडतो. असं काही घडलं असेल तर विम्याची कागदपत्रं काढून वाचा. झिजेने बिघडलेल्या इंजिनाचे पैसे विमा सहसा देत नाही, पाण्याचं वेगळं कलम असू शकतं.

आता त्या आठ दिवसांत इंजिन बसवून देणाऱ्याबद्दल. वापरलेलं इंजिन मुळात वाईट नाही. पण ते तुमच्याच वयाच्या, तुमच्याच मॉडेलच्या गाडीतून निघालंय, म्हणजे तुमच्या इंजिनाचा आजार त्याच्याही रक्तात आहे. ते घ्यायचंच तर बसवायच्या आधी, जमिनीवर असतानाच, त्याचा चेंबर उघडून बेअरिंगं बघा आणि नवी घाला. ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंगचं सगळं सामान, सील बदला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून आकडे लिहून घ्या. काही मॉडेलांत इंजिनाच्या मागच्या बाजूला पोचायला अख्खी बॉडी चेसिसवरून उचलावी लागते. तेवढी मजुरी देऊन, थोडक्यासाठी जुना वॉटर पंप आत ठेवणारा माणूस मला दाखवा, मी त्याला माझ्या शेजारी बसवते. कारण मीही तेच केलंय.

माझ्या जुन्या फोर बाय फोरला मी असंच उतरवलेलं इंजिन घातलं होतं. मेकॅनिकने विचारलं, ऑइल कूलर नवा टाकू का? मी म्हटलं, धुऊन घे. त्याने मन लावून धुतला, दोन दिवस. इंजिन सुरू झालं तेव्हा इतकं गोड चाललं की मी बॉनेट उघडं ठेवून नुसती ऐकत उभी होते. 1,100 किलोमीटरवर तीच टकटक. कूलरच्या आतल्या बारीक वाटांमध्ये जुन्या इंजिनाचा चुरा बसला होता. तो हळूहळू सुटला आणि नव्या बेअरिंगांत गेला. दोष मेकॅनिकचा नव्हता. त्याने विचारलं होतं.

म्हणून तुम्ही कुठलंही इंजिन घाला, ऑइल कूलर नवा, ऑइलच्या नळ्या नव्या, आणि टर्बो उघडून तपासलेला हवा; टर्बोही त्याच ऑइलवर फिरतो, त्यानेही तो चुरा प्यायलाय. जुने इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नव्या इंजिनावर चढवणार असतील तर प्रत्येकाचा कोड कॉम्प्युटरमध्ये त्या त्या सिलिंडरला भरावा लागतो. ‘आठ दिवसांत’वाल्याला हे विचारून बघा, तो क्षणभर गप्प झाला तर समजून जा. शिवाय इंजिनाचा नंबर बदलणार, तेव्हा गाडीच्या कागदांवर तो चढवावा लागेल, आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद मागावे लागतील.

तुमचंच इंजिन बांधून घेणं हा दुसरा रस्ता. क्रँक वाचली असेल आणि ब्लॉक सरळ असेल तर मला हाच सगळ्यात आवडतो. जर्नल घासून 0.25 मिलिमीटर बारीक करतात आणि त्या मापाची बेअरिंगं घालतात. पण हे प्रत्येक इंजिनाला चालत नाही. काही क्रँकचा कडक थर इतका पातळ असतो की घासल्यावर तो निघूनच जातो, आणि काही कंपन्या बारीक मापाची बेअरिंगं विकतच नाहीत. मग नवी क्रँक आली. मशीन शॉपकडून मापांचा कागद मागा: प्रत्येक जर्नलचा व्यास, गोलाई, ब्लॉकच्या बैठकीची सरळ रेषा. ‘हाताला बरोबर लागतंय’ हे माप नव्हे.

तिसरा रस्ता कारखान्यात नव्याने बांधलेलं, गॅरंटीचं इंजिन. ते जुनं इंजिन परत मागतात, तेव्हा तुमचं आधीच भंगारात देऊन बसू नका. गॅरंटीत फक्त इंजिन आहे की उतरवण्या-चढवण्याची मजुरीही, एवढं एकच वाक्य लेखी घ्या. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

पैशांचं गणित तुम्ही चुकीच्या टोकाने मांडताय. कॉम्प्रेसर, टायर, गिअरबॉक्सचं ऑइल यांचे पैसे गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. हिशेब असा करा: गाडी आज, बंद पडलेली, जशी उभी आहे तशी कितीला जाईल? त्यात दुरुस्तीचा सगळा खर्च मिळवा. वर एक तृतीयांश ठेवा, कारण 13 वर्षांच्या गाडीत सोडवलेला प्रत्येक तिसरा बोल्ट तुटतो आणि उष्णतेने कडक झालेली प्रत्येक प्लॅस्टिकची नळी हातात येते. एवढ्या पैशांत त्याच मॉडेलची, इंजिनाचं काम झालेली आणि त्याचं बिल असलेली दुसरी गाडी मिळते का? मिळत असेल तर तुमच्या गाडीवर तो खर्च करण्यात अर्थ नाही. मिळत नसेल तर तुमच्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट आहे: तिची बाकीची दुखणी तुम्हाला ठाऊक आहेत.

ठाऊक आहेत ना? इंजिनाचा निर्णय घ्यायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या आणि चेसिस हातोडीने ठोकून बघा. गंजाने पोखरलेली चेसिस असेल तर पुढचं वाचूच नका, विका. गाडी रात्रभर उभी राहिली की कुठला कोपरा खाली बसतो? पुढच्या आर्मचे बुश? ट्रान्सफर केसमधून गळती? नवं इंजिन जुन्या गाडीला तरुण करत नाही, उलट आधी इंजिनाच्या आवाजात लपलेले बाकीचे आवाज ऐकू यायला लागतात.

माझा कल विचाराल तर असा. नवं कोरं इंजिन, दीडपट किमतीला: नाही. आठ दिवसांतलं, न उघडता बसवलेलं: नाही. क्रँक आणि ब्लॉक बचावले, चेसिस स्वच्छ निघाली आणि तुम्ही गाडी अजून पाच वर्षं वापरणार असाल, तर बांधून घ्या. बेअरिंगने ब्लॉकच खाल्ला असेल तर आहे तशी विका, आणि भंगाराच्या वजनावर विकू नका. चालू गिअरबॉक्स, नवा कॉम्प्रेसर, नवे टायर, डिफरन्शियल, सीटा, काचा, दिवे, या सगळ्याला गिऱ्हाईक असतं. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या गाडीचं इंजिन ठणठणीत आहे आणि बॉडी अपघातात गेलीय. जाहिरातीत ‘इंजिन जाम, चेंबर उघडलेला, फोटो आहेत’ असं सरळ लिहा. ‘किरकोळ काम’ लिहिणाऱ्यांना कुणी फोन करत नाही.

राहिला बायकोला सांगितलेला अर्धा आकडा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते हे, कारण त्या अर्ध्या आकड्यावरही ती ‘विक’ म्हणतेय. म्हणजे पूर्ण आकडा ऐकून ती काय म्हणेल हे तुम्हाला माहीत आहे, आणि म्हणूनच तुम्ही मला विचारताय. मी तिच्याविरुद्धचं मत द्यायला बसलेली नाही. आजच सांगा, एस्टिमेटचा कागद समोर ठेवून, आणि वरचा एक तृतीयांशही त्यात धरून. तुम्हाला ही गाडी आवडते म्हणून ठेवायची असेल तर तसं म्हणा. आवडीवर खर्च करणं हा गुन्हा नाही. फक्त तो ‘वाचवलेला पैसा’ म्हणून कुणाच्या गळी उतरवू नका.

आणि हे पत्र वाचून झाल्यावर पहिला फोन गॅरेजला करा. सांगा, जुना ऑइल फिल्टर फेकू नका आणि काढलेलं ऑइल पिंपात ओतू नका, मी येतोय. बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी पहिल्याच संध्याकाळी कचऱ्यात गेलेल्या असतात.

— तुमची ताई